नवापूरचा विषाणू आणि मांगलीचा विषाणू

२०२५ च्या जानेवारीत विदर्भातून दोन बातम्या पाठोपाठ आल्या. नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते. त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने कळवले. माणसांशी संघर्ष झाल्यामुळे या वाघांना चंद्रपूर भागातून तेथे हलवण्यात आले होते. त्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली गावात कोंबड्या मरू लागल्या आणि तेथेही तपासणीत बर्ड फ्लू निघाला. गावाभोवतीचा दहा किलोमीटरचा परिसर निगराणीखाली आला.

या बातम्या वाचताना अनेकांना २००६ सालच्या नवापूरची आठवण झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या गावात भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला होता. तेव्हाही नाव एच५एन१ हेच होते. त्यामुळे 'तोच रोग परत आला' असे सहजपणे म्हटले गेले. शिक्षकांना वर्गात हाच प्रश्न विचारला जातो : इतकी वर्षे तो विषाणू होता कुठे? जमिनीत दडून बसला होता का?

या प्रश्नाचे उत्तर असे, की नवापूरचा विषाणू परत आलेलाच नाही. त्याची शाखा भारतात केव्हाच नाहीशी झाली. मांगलीपर्यंत जे पोचले ते त्याचे दूरचे भाऊबंद. आडनाव एक, पण घराणी निराळी. हे इतक्या खात्रीने कसे सांगता येते, आणि त्यातून चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांनी काय घ्यायचे, हे आपण या लेखात पाहू.

आठ तुकड्यांची पोथी

इन्फ्लुएंझा 'ए' या विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनए या रेणूवर लिहिलेली असते. ती एका सलग धाग्यावर नसून आठ सुट्या तुकड्यांवर असते. आठही तुकडे मिळून सुमारे साडेतेरा हजार अक्षरे होतात. अक्षरे चारच प्रकारची. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही पोथी किती लहान आहे ते कळते.

विषाणूच्या गोल शरीरावर दोन प्रकारची प्रथिने काट्यांसारखी बाहेर आलेली असतात. एक हिमॅग्लुटिनिन. याच्या साहाय्याने विषाणू पेशीला चिकटतो. दुसरे न्यूरामिनिडेज. नवे विषाणू पेशीतून सुटे करण्याचे काम याचे. पक्ष्यांमध्ये हिमॅग्लुटिनिनचे सोळा आणि न्यूरामिनिडेजचे नऊ प्रकार बऱ्याच काळापासून माहीत आहेत. एच५एन१ म्हणजे पहिल्याचा पाचवा आणि दुसऱ्याचा पहिला प्रकार. म्हणजे हे नाव आठ तुकड्यांपैकी फक्त दोन तुकड्यांवरून पडलेले आहे. उरलेल्या सहा तुकड्यांविषयी ते काहीच सांगत नाही, आणि त्या दोन तुकड्यांच्या आतील बारीक फरकही सांगत नाही. 'तोच रोग' या समजुतीचे मूळ येथेच आहे.

ही पोथी दोन रीतींनी बदलते. पहिली रीत नकलेतल्या चुकांची. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना झालेली चूक तपासून दुरुस्त करतात. इन्फ्लुएंझाच्या विषाणूकडे अशी तपासणी नाही. त्यामुळे दर पिढीत अक्षरे चुकत जातात. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. काही निरुपद्रवी असतात आणि एखादी उपयोगाची ठरते.

दुसरी रीत अदलाबदलीची. एकाच बदकाच्या एकाच पेशीत दोन निरनिराळे इन्फ्लुएंझा विषाणू शिरले, तर बाहेर पडणारा नवा विषाणू काही तुकडे एकाचे आणि काही दुसऱ्याचे घेऊ शकतो. पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे हे आहे. आठ तुकडे, प्रत्येकासाठी दोन पर्याय, म्हणजे दोनाचा आठवा घात : २५६ शक्यता. याला आपण पुनर्मिश्रण म्हणू. चुकांमुळे विषाणू हळूहळू सरकतो. पुनर्मिश्रणामुळे तो एकदम उडी घेतो.

पाठभेदांवरून वंशावळ

नकलेतल्या चुका इतिहासकाराच्या उपयोगी पडतात, हे मराठी वाचकाला नवे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. कोणत्या पोथ्या एकमेकींच्या जवळच्या, हे ठरवताना सामाईक पाठभेद फार कामी येतात. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक तशीच उतरली असेल, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या गेल्या असण्याचा संभव मोठा.

विषाणूंची वंशावळ मांडताना हेच केले जाते. निरनिराळ्या गावांतून व निरनिराळ्या वर्षी घेतलेल्या नमुन्यांची अक्षरे एकाखाली एक लिहितात. ज्यांच्या चुका समान ते जवळचे नातलग. त्यातून फांद्याफांद्यांचे एक झाड तयार होते. पोथ्यांपेक्षा विषाणूचे काम एका बाबतीत सोपे आहे. त्याच्या चुकांचा वेग बराचसा ठरावीक असल्याने चुका मोजून काळही काढता येतो.

हा हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगा आहे. हिमॅग्लुटिनिनच्या जनुकात सुमारे १,७०० अक्षरे आहेत. एच५ प्रकारात दर वर्षी दर हजार अक्षरांमागे साधारण चार ते पाच अक्षरे बदलतात. म्हणजे एका शाखेवर वर्षाला सात-आठ बदल. आपण साडेसात धरू. आता एकाच वर्षी दोन गावांतून दोन नमुने मिळाले आणि त्यांच्यात ४५ ठिकाणी फरक दिसला, तर दोघांचा सामाईक पूर्वज किती वर्षांपूर्वी होता? दोन्ही शाखा वेगळ्या झाल्यापासून दोघींवरही बदल साचत आले आहेत. म्हणून वर्षाला दोन्हींचे मिळून १५ बदल. ४५ भागिले १५, उत्तर ३ वर्षे. याचा अर्थ ते विषाणू या गावातून त्या गावात गेल्या आठवड्यात गेलेले नाहीत. दोन्ही गावांत रोग एकाच दिवशी दिसला, तरी त्यांचे उगम वेगळे आहेत. उलट फरक एक-दोन अक्षरांचाच निघाला, तर दोन गावांमध्ये कोंबड्यांची वाहतूक अलीकडे झाली होती का, याची चौकशी करायला हवी.

एच५ विषाणूंचे झाड वाढत गेले तशी फांद्यांना नावे देण्याची गरज पडली. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून क्रमांकांची एक पद्धत ठरवली. शाखा २, तिची उपशाखा २.२, दुसरी उपशाखा २.३, तिची २.३.२, पुढे २.३.२.१ अशी ती चालते. सातबाऱ्यावर गट नंबराचे पोटहिस्से पडत जातात तसाच हा प्रकार. क्रमांक जितका लांब तितक्या वाटण्या अधिक झालेल्या.

कोंबड्यांचा प्लेग

आता या झाडाच्या बुंध्याकडे येऊ. १८७८ मध्ये इटलीतील पेरोन्चितो यांनी कोंबड्यांच्या एका अतिशय घातक साथीचे वर्णन केले. तिला पुढे 'कोंबड्यांचा प्लेग' म्हणत. १९०१ मध्ये चेंतान्नी आणि सावोनुझ्झी यांनी दाखवले, की हा रोग जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जातो. म्हणजे रोगकारक जिवाणूपेक्षा लहान होता. हा विषाणू इन्फ्लुएंझाचाच आहे, हे मात्र १९५५ मध्ये जर्मनीतील शेफर यांच्या कामातून कळले.

पुढे रानपक्ष्यांचा तपास सुरू झाला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. इन्फ्लुएंझा 'ए' चे मूळ घर पाणपक्षी हेच आहे. बदके, कुरव, तुतारीसारखे चिखलपक्षी यांच्या आतड्यांत हे विषाणू पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पक्षी सहसा आजारी दिसत नाहीत. विष्ठेतून विषाणू तळ्याच्या पाण्यात पडतो आणि दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जातो. थंड पाण्यात तो बरेच दिवस टिकतो.

मग तो घातक कसा होतो? हिमॅग्लुटिनिन कामाला लागण्यासाठी ते एका ठरावीक जागी कापले जावे लागते. सौम्य विषाणूत ही जागा ट्रिप्सिनसारख्या विकरांनाच कापता येते, आणि ती विकरे आतडे व श्वसनमार्ग येथेच असतात. म्हणून रोगही तेवढ्यापुरता राहतो. एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत कधीकधी या जागी जादा अक्षरे घुसतात. त्यामुळे फ्युरिन नावाचे विकर ती जागा कापू शकते, आणि फ्युरिन शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत असते. मग विषाणू मेंदू, हृदय, यकृत कोठेही वाढतो आणि कोंबडी दोन दिवसांत मरते.

हा बदल बहुधा तळ्यावर होत नाही. तो हजारो कोंबड्या एकत्र कोंडलेल्या शेडमध्ये होतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात १९८३ च्या एप्रिलमध्ये आढळलेला एच५एन२ विषाणू सौम्य होता. ऑक्टोबरपर्यंत तोच घातक झाला आणि ती साथ आटोक्यात आणण्यासाठी सुमारे एक कोटी सत्तर लाख पक्षी मारावे लागले. रानपक्षी बी देतात, पण पीक माणसाच्या शेडमध्ये येते, असे थोडक्यात म्हणता येईल. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी एच५ विषाणूने मोठ्या संख्येने मेले होते, पण अशी घटना तेव्हा अपवादच मानली गेली.

ग्वांगडाँगपासून छिंगहायपर्यंत

१९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांमध्ये एक घातक एच५एन१ विषाणू मिळाला. आज जगभर पसरलेल्या घातक एच५ विषाणूंच्या वंशावळीचा हा मूळ पुरुष. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना एच५एन१ ची लागण झाली व त्यांतील ६ दगावली. पक्ष्याचा इन्फ्लुएंझा थेट माणसाचा प्राण घेतो, याचा हा पहिला धडा. शहरातील सुमारे पंधरा लाख कोंबड्या-बदके मारण्यात आली आणि तो विशिष्ट विषाणू संपला. त्याचे तुकडे तपासले तेव्हा हिमॅग्लुटिनिन ग्वांगडाँगच्या हंसाकडचे आणि आतले तुकडे लावा, बदक यांच्यातील दुसऱ्या विषाणूंचे निघाले. म्हणजे पत्ते पिसले गेले होते. मूळ हिमॅग्लुटिनिन मात्र दक्षिण चीनमध्ये शिल्लक राहिले. २००३-०४ मध्ये ते व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, कोरिया, जपान अशा अनेक देशांत एकदमच दिसू लागले.

२००५ च्या एप्रिल-मेमध्ये पश्चिम चीनमधील छिंगहाय सरोवरावर पाणपक्षी मरू लागले. मेलेल्यांची संख्या सहा हजारांच्या आसपास गेली. त्यांत पट्टकादंब हंस सर्वांत अधिक होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतो. महाराष्ट्रात तो जायकवाडीवर आणि विदर्भातील तलावांवरही दिसतो. शेडमध्ये घातक झालेला विषाणू आता रानपक्ष्यांत परत शिरला होता. छिंगहायच्या या शाखेला २.२ हा क्रमांक मिळाला. वर्षभराच्या आत ती रशिया, तुर्कस्तान, युरोप, नायजेरिया, इजिप्त येथे पोचली आणि भारतातही आली.

भारतात आलेल्या शाखा

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र होते. पाठोपाठ शेजारच्या गुजरातेतील उच्छल आणि मग जळगाव जिल्हा यांची नावे आली. लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या, अंड्यांचे भाव कोसळले, अनेक व्यावसायिक देशोधडीला लागले. भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था यांनी या विषाणूंचा अभ्यास केला. ते २.२ शाखेचे, म्हणजे छिंगहायच्या घराण्यातले निघाले. २००७ मध्ये मणिपूर आणि २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगाल येथे आढळलेले विषाणूही २.२ चेच होते. बंगालची साथ सर्वांत मोठी ठरली. तेथे सुमारे चाळीस लाख पक्षी मारावे लागले, आणि त्यांतले बरेच खेड्यांतील अंगणात पाळलेले होते.

२०११ च्या सुमारास चित्र पालटले. भारत व बांगलादेशात २.३.२.१ ही नवी शाखा आली. ती २.२ ची मुलगी नव्हे. दक्षिण चीनमधून स्वतंत्रपणे वाढलेली ही दुसरी फांदी. २०११ मध्ये जमशेदपूरला कावळे मरून पडू लागले तेव्हा त्यांच्यातही ती सापडली. पुढच्या काही वर्षांत २.२ आपल्याकडे दिसेनाशी झाली. नवापूरच्या घराण्याची भारतातली कथा येथे संपते. नव्या शाखेतील २.३.२.१अ ही उपशाखा बांगलादेशातील जिवंत पक्ष्यांच्या बाजारांत घर करून राहिली आणि पूर्व भारतात ती वारंवार आढळत गेली.

२०१६ च्या हिवाळ्यात तिसरी शाखा आली. या वेळी नावही बदलले : एच५एन८. शाखा २.३.४.४ब. दिल्लीचे प्राणिसंग्रहालय, ग्वाल्हेर, केरळातील बदके अशा दूरदूरच्या ठिकाणी ती दिसली. २०२०-२१ च्या हिवाळ्यात एच५एन१ आणि एच५एन८ दोन्ही एकाच वेळी देशात होते. हिमाचल प्रदेशात पोंग धरणावर हजारो पाणपक्षी मेले आणि त्यांत पुन्हा पट्टकादंब हंसच अधिक होते. राजस्थान व मध्य प्रदेशात कावळे मेले. महाराष्ट्रात परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे जानेवारी २०२१ मध्ये कोंबड्यांत रोग निघाला. फेब्रुवारीत नवापूरलाही तो पुन्हा आला. गाव तेच, विषाणूची शाखा मात्र वेगळी. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातील एका मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला. एच५एन१ मुळे भारतात नोंदला गेलेला हा पहिला मानवी मृत्यू.

दरम्यान २.३.४.४ब शाखेने युरोपात एक मोठी अदलाबदल केली. २०२० च्या सुमारास तिने एन८ सोडून एन१ घेतला. नाव पुन्हा एच५एन१ झाले, पण हा विषाणू नवा होता. २०२१ च्या अखेरीस तो अटलांटिक ओलांडून कॅनडात, २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि २०२४ च्या सुरुवातीस अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोचला. २०२४ च्या मार्चमध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गायींत सापडला. आपल्या उपखंडातही पत्ते पिसले जात होते. २०२४ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियाला परतलेल्या एका लहान मुलीत जो विषाणू मिळाला, त्याचे हिमॅग्लुटिनिन २.३.२.१अ चे होते, पण काही तुकडे २.३.४.४ब च्या घराण्यातले होते.

२०२५ च्या जानेवारीत मांगली, लातूर जिल्ह्यातील उदगीरचे कावळे, रायगड जिल्ह्यातील चिरनेर ही नावे आली, तेव्हा पार्श्वभूमी ही होती. २००६ आणि २०२५ यांच्या मध्ये किमान दोनदा घराणे बदलले होते.

पक्षी की पिंजरा?

प्रत्येक साथीत एक वाद होतो. कुक्कुटपालक म्हणतात, रोग परदेशी पक्ष्यांनी आणला. पक्षिप्रेमी म्हणतात, तो कोंबड्यांच्या वाहतुकीने पसरला. वंशावळ पाहिली म्हणजे दोघांच्याही बोलण्यात अर्धे सत्य आहे असे दिसते.

हजारो किलोमीटरच्या उड्या बहुतांशी रानपक्ष्यांच्या मार्गांनी पडल्या आहेत. सैबेरियासारख्या उत्तरेच्या प्रदेशात निरनिराळ्या खंडांतून आलेले पक्षी उन्हाळ्यात एकत्र विणीला येतात. २०१४ मध्ये कोरियात दिसलेला एच५एन८ त्याच वर्षाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर अमेरिका अशा दोन विरुद्ध दिशांना निघाला, त्याचे स्पष्टीकरण असेच लागते. आपल्याकडच्या ठळक साथींचे महिनेही बोलके आहेत. नवापूर फेब्रुवारी, बंगाल, मुरुंबा, मांगली जानेवारी. हा पाहुण्या पक्ष्यांचा मुक्कामाचा काळ.

परंतु एकदा आलेला रोग एखाद्या प्रदेशात वर्षानुवर्षे टिकतो, तो बाजार आणि वाहतूक यांच्यामुळे. बांगलादेशातील बाजारांत २.३.२.१अ बारा महिने राहिली, ती पिंजरे, टोपल्या, गाड्यांची चाके, न विकलेल्या कोंबड्या परत घरी नेणे अशा साध्या गोष्टींवर. रानपक्षी रोग आणून टाकू शकतात, पण तो गावोगाव पोचवण्याचे काम बरेचसे आपण करतो. तेव्हा तलावावरच्या बदकांना हाकलून वा मारून काही साधत नाही. उलट हाकललेले पक्षी दुसऱ्या तलावावर जातात आणि विषाणूही सोबत नेतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत काय पणाला लागले आहे?

या दोन जिल्ह्यांत नवापूरसारखी शेडची दाटी नाही. म्हणून येथे धोका कमी, असे वाटू शकते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात मालगुजारी तलाव जागोजाग आहेत आणि त्यांच्या खाली धानाची शेती आहे. हिवाळ्यात तलवार बदक, चक्रवाक आणि इतर बदके या पाण्यावर उतरतात. त्याच तलावाच्या पाळीवर गावातल्या कोंबड्या चरतात. घरोघरी पाच-दहा गावठी कोंबड्या. त्यांना शेड नाही, कुंपण नाही. आठवडी बाजारात त्या जिवंत विकल्या जातात. बंदी असूनही भरणाऱ्या कोंबडबाजारांत झुंजीचे कोंबडे दूरदूरच्या गावांतून येतात आणि परत जातात. आणि गावाच्या कडेला जंगल आहे. बिबट्या, रानमांजर, मुंगूस, कावळे यांना उघड्यावर टाकलेली मेलेली कोंबडी आयतीच मिळते.

मांजरकुळाला या विषाणूचे भय विशेष आहे. डिसेंबर २००३ मध्ये थायलंडच्या एका प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे मांस खाऊन दोन वाघ व दोन बिबटे मेले. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तेथीलच दुसऱ्या केंद्रातील ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावे लागले. तेथे रोग वाघाकडून वाघाकडे गेल्याच्याही खुणा मिळाल्या. २०२४ मध्ये व्हिएतनाममध्ये ४७ वाघ दगावले. भारतात २०२५ च्या मे महिन्यात गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयातील वाघीण याच रोगाने गेली. गोरेवाड्याची घटना या मालिकेतली आहे. ताडोबा-अंधारीसारखे व्याघ्रप्रकल्प ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे अंगणातली मेलेली कोंबडी ही वन्यजीवांचीही बाब ठरते.

सस्तन प्राण्यांत शिरण्याला आणखी एक अर्थ आहे. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा जास्त असते आणि त्यांच्या पेशींवरील साखरेचे दुवेही वेगळे असतात. पक्ष्यांचा विषाणू आपल्या नाकाघशात सहजी चिकटत नाही. म्हणून २००३ पासून जगभर मिळून साधारण हजार माणसांनाच एच५एन१ झाल्याची नोंद आहे, पण त्यांतील जवळजवळ निम्मी दगावली. विषाणू सस्तन प्राण्यात वाढतो तेव्हा त्याच्या पीबी२ या प्रथिनात ६२७ व्या जागी एक ठरावीक बदल बऱ्याचदा दिसतो. या एका बदलाने तो सस्तन प्राण्यांच्या पेशीत चांगला वाढू लागतो. छिंगहायच्या हंसांमधील विषाणूत हा बदल आधीच होता. माणसाकडून माणसाकडे सतत पसरण्याची पायरी त्याने अजून ओलांडलेली नाही. प्रत्येक नवा सस्तन प्राणी ही त्याला मिळालेली एक जादा संधी असते.

येथे अडचण येते ती नोंदीची. गावात कोंबड्या मेल्या की बहुतेकांना मानमोडी, म्हणजे राणीखेत आठवतो. तोही विषाणूजन्य रोग आहे, त्यातही कोंबड्या झपाट्याने मरतात आणि नुसते पाहून दोहोंतला फरक सांगता येत नाही. फरक प्रयोगशाळेतच कळतो. पण कळवण्याची इच्छा कुणाला असणार? सरकारी भरपाई मारलेल्या कोंबड्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये भरपाई होती. गावठी कोंबडी बाजारात त्याच्या कितीतरी पट भावाने विकली जाते. कळवले तर उरलेल्याही जाणार, न कळवले तर निदान काही विकता येतील, असा हिशेब कोणीही करील. तो अज्ञानाचा हिशेब नाही, गरिबीचा आहे. भरपाई वास्तव आणि वेळेवर असणे हा म्हणूनच रोगनियंत्रणाचा भाग आहे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याने मालकावर आणि गावपातळीवर ग्रामपंचायतीवर रोग कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. तिला भरपाईची जोड नसेल तर ती कागदावरच राहते.

विषाणूच्या झाडावर जी फांदी दिसते ती नमुना पाठवलेल्या गावाची. ज्या गावाने पाठवला नाही त्याची जागा कोरी राहते, आणि आपण त्या कोऱ्या जागेला 'रोग नाही' असे समजतो. शहरांजवळच्या आणि मोठ्या शेडच्या भागातून नमुने अधिक येतात. दुर्गम गावांतून कमी. भामरागड किंवा सिरोंच्याच्या आतल्या गावात मेलेल्या दहा कोंबड्यांची अक्षरे झाडावर लिहिली गेली नाहीत, तर रोग बंगालकडून आला, तेलंगणाकडून आला की तलावावरून आला, हे सांगणारी कडीच हरवते.

शाळेतून काय करता येईल?

पहिली गोष्ट, दक्षतेची. एकाच आठवड्यात घरच्या अनेक कोंबड्या, किंवा परिसरातले कावळे, बगळे, बदके मरू लागली तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. मुलांनी आजारी वा मेलेला पक्षी उचलू नये, खेळू नये, पिसे गोळा करू नयेत. मेलेली कोंबडी नाल्यात, तलावात किंवा जंगलाकडे फेकू नये. विभागाचे लोक येईपर्यंत कुत्री-कावळे पोचणार नाहीत अशी ती झाकून ठेवावी, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. कोंबडी व अंडी नीट शिजवून खाण्यात धोका नाही. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान गेले की विषाणू मरतो. आपल्या स्वयंपाकात कोंबडी उकळत्या रश्श्यात शिजते, तेव्हा ही अट सहज पुरी होते. धोका असतो तो आजारी कोंबडी कापताना व सोलताना.

दुसरी गोष्ट, अभ्यासाची. एक प्रयोग सुचवतो. चार ओळींचा एखादा उतारा एका विद्यार्थ्याने घाईने उतरवावा. त्याची प्रत दोघांनी उतरवावी, त्यांच्या प्रती चौघांनी, त्यांच्या आठांनी. मूळ उतारा कोणी पुन्हा पाहायचा नाही. शेवटच्या आठ प्रती नावे न घालता फळ्यावर लावाव्यात आणि दुसऱ्या वर्गाला विचारावे, कोण कुणाचा सख्खा आणि कोण चुलत? सामाईक चुका शोधत मुले तासाभरात बरेचसे झाड बरोबर मांडतात. मग आठांपैकी तीन प्रती काढून घ्याव्यात आणि तेच काम पुन्हा सांगावे. झाड अर्धवट होते, काही नाती चुकतात. न पाठवलेल्या नमुन्याची किंमत काय, हे याहून सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

गेल्या तीस वर्षांत या विषाणूने अनेक घराणी बदलली. पुढचे घराणे कोणते येईल ते त्याच्या चुका आणि अदलाबदली ठरवतील. त्यावर आपला ताबा नाही. ते आले हे किती लवकर ओळखायचे, एवढे मात्र आपल्या हातात आहे. मांगलीचे नाव नोंदीत आले, कारण तेथून नमुना प्रयोगशाळेत गेला. प्रत्येक गावातून तो तसा जावा, यासाठी पशुवैद्यकाचा फोन नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असणे, ही सुरुवात म्हणून पुरेशी आहे.